सातवी चादर

पाचपैकी पाच. पुन्हा पाचपैकी पाच. लास्तेनियाने कागद उलटा करून पाहिला. निदान मागच्या बाजूला तरी कुणी खरं लिहिलं असेल, अशी तिला वेडी आशा होती. मागे कोरं होतं. अकरा बायकांनी तिचा नवा खेळ खेळून पाहिला होता. दोघींचे गुडघे फुटले होते, एकीच्या नाकावर चेंडू बसला होता, आणि शेवटच्या ओळीत अकराही जणींनी एकच वाक्य लिहिलं होतं: खूप छान आहे. औषधांच्या दुकानातली येसेनिया नाकाला बर्फ लावून बसली होती. 'चेंडूचा वेग' या रकान्यात तिनेही पाचच दिले होते.

"येसेनिया, बाई गं, नाक बघ केवढं सुजलंय तुझं!"

"छे हो वेसिना, ते आधीपासूनच तसं आहे."

आता याला काय म्हणावं? आमच्या आतुन्ताकीत तोंडावर वाईट बोलायची रीतच नाही. जेवण खारट झालं तर माणूस पाणी जास्त पितो, न्हाव्याने केस वाकडे कापले तर टोपी घालतो, आणि दोघांचेही मनापासून आभार मानतो. शेजारणीला 'वेसिना' म्हणायचं, तिच्या लेकराला आपण बाप्तिस्म्याला धरलं असेल तर 'कोमाद्रे' म्हणायचं, आणि दोघींपैकी कुणालाही खरं म्हणून सांगायचं नाही. एरवी लास्तेनिया स्वतःही याच रीतीने वागणारी. पण नवीन खेळ बनवायला घेतला आणि हा सभ्यपणा तिच्या डोक्यात तिडीक आणायला लागला.

ती विणलेल्या कपड्यांच्या एका कारखान्यात नमुने शिवायची. बावीस वर्षं झाली त्याला. नवा स्वेटर असो की नवा पायजमा, बाजारात जायच्या आधी त्याचा पहिला तुकडा तिच्या मशीनवर तयार व्हायचा. तो कुणाच्या तरी अंगावर चढवायचा, काखेत रुततो का, गळ्याला ओढतो का ते पाहायचं, खडूने खुणा करायच्या, उसवायचा आणि दुसरा शिवायचा. सहाव्या-सातव्या खेपेला कपडा अंगावर बसतो. म्हणून खेळ बनवायचं डोक्यात आलं तेव्हा तिला वाटलं, त्यात काय मोठंसं! कपड्यासारखाच बनवायचा. गुणांचा कागदही तिने कारखान्यातलाच आणला होता, फक्त 'बाही' खोडून 'दांडा' लिहिलं होतं.

खेळ असा. मध्ये छातीएवढ्या उंचीवर जाळं. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं. प्रत्येक जोडीकडे एक चादर आणि चादरीच्या दोन टोकांना दोन दांडे. आपला दांडा दोन्ही हातांनी धरायचा, पलीकडून आलेला चेंडू चादरीत झेलायचा, मग दोघांनी एकदम दांडे मागे ओढायचे. चादर ताठ होते आणि चेंडू उडून जाळ्यापलीकडे जातो. जमिनीवर पडला की गुण गेला. अख्ख्या खेळात हात खांद्याच्या वर न्यायची वेळ कधीच येत नव्हती. सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच होता, आणि तो तिने कुठेच लिहिलेला नव्हता.

तो नियम ओल्मेदोसाठी होता, तिच्या नवऱ्यासाठी.

ओल्मेदो म्हणजे वीस वर्षं आमच्या मैदानावरचा इक्वाव्हॉलीचा राजा. आमच्याकडचा व्हॉलीबॉल तो: तिघा-तिघांचा खेळ, जड फुटबॉल आणि उंच माणसानेही मान वर करून बघावं इतकं उंच जाळं. ओल्मेदो जाळ्यापाशी उभा राहायचा, चेंडू क्षणभर बोटांवर थोपवायचा आणि समोरचे तिघे जिथे नाहीत नेमक्या त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. मारायचा नाही हं, ठेवायचा. पार इबार्रा शहराहून लोक बघायला यायचे. मग दोन वर्षांमागे उजवा खांदा गेला. हात आता खांद्याच्या वर न्यायचा नाही, कधीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी तो मैदानाच्या कडेच्या बाकावर बसतो आणि दुसऱ्यांचे गुण मोजतो. पूर्वी जेवायला बसला की उकडलेल्या मक्याचे दाणे ताटात मांडून अख्खा सामना समजावून सांगायचा. ऐकून ऐकून लास्तेनियाचे कान किटायचे. आता मुकाट्याने दाणे खातो आणि उठतो. त्या किटकिटीसाठी ती आता काहीही द्यायला तयार होती.

तिला एवढंच हवं होतं की त्याने त्या बाकावरून उठावं. पण 'तुझ्यासाठी बनवलाय' म्हटलं असतं तर तो मेला तरी दांड्याला शिवला नसता. म्हणून तिने गल्लीत सांगितलं, बायकांसाठी खेळ बनवतेय. ते सगळ्यांना पटलं. नाहीतरी रविवारी त्या मैदानावर बायकांचं काम काय, तर कडेला उभं राहून डुकराच्या मांसाचा फ्रितादा तळायचा आणि पुरुषांना वाढायचा. बायकांत खेळ रुजला की एक दिवस सहज म्हणायचं, ये रे, एक माणूस कमी पडतंय. असा तिचा साधा बेत होता.

आणि मग नाकी नऊ आले.

पहिली चादर खरोखरच पलंगावरची होती. चेंडू तिच्यात पडला की बोचक्यात बसावा तसा बसायचा. दुसरी बनियनच्या कापडाची शिवली, तर ताण इतका की चेंडू मैदान ओलांडून गेला आणि फ्रितादावालीच्या पितळी कढईत, उकळत्या चरबीत पडला. "काही हरकत नाही वेसिना," फ्रितादावाली झाऱ्याने चेंडू बाहेर काढत म्हणाली, "फार छान उडाला." तिसरी जीनच्या कापडाची केली. तिच्यातून चेंडू उडायलाच तयार नव्हता. तीन चादरी, तेहतीस कागद, आणि सगळीकडे पाचपैकी पाच.

चौथी चादर तिने किनार घालायला दिग्नाकडे दिली. दिग्ना तिची कोमाद्रे, झुलेताकडची. तिकडच्या बायकांच्या हातात सुई असली की कापड कोरं राहत नाही, हे लास्तेनियाने लक्षात घ्यायला हवं होतं. आठ दिवसांनी चादर परत आली ती चारही बाजूंनी निळी-जांभळी फुलं आणि प्रत्येक कोपऱ्यात एक हमिंगबर्ड घेऊन.

"कोमाद्रे! हे काय केलंस?"

"किनार अगदीच उघडी-बोडकी दिसत होती गं. म्हटलं, जरा बरं दिसेल."

"यावर चेंडू आपटायचाय!"

"आपट की. मी कुठे नको म्हणतेय?"

पण आपटायला कुणी तयार होईना. रविवारी चौघी चादरी धरून उभ्या राहिल्या. चेंडू आला की दिग्नाच्या चादरीवाल्या दोघी चादर छातीशी धरून बाजूला व्हायच्या. "आई गं, मळेल!" चेंडू जमिनीवर पडायचा, चादर वाचायची, आणि त्या वाचलेल्या चादरीचं सगळ्या मिळून कौतुक करायच्या. त्या दिवशी दहा गुण असे न खेळताच गेले. पुढच्या रविवारी लास्तेनियाने चादर मागितली, तर दिग्ना इकडे-तिकडे बघायला लागली.

"ती आता चर्चमध्ये आहे. मातेच्या पायाखाली अंथरलीय."

"कुणाला विचारून?"

"पाद्रीबाबांना फार आवडली. त्यांनी त्यावर पवित्र पाणीसुद्धा शिंपडलं. आता मागायची कशी? आणि खरं सांगू लास्ते, तिथे ती फार शोभते गं."

तीन आठवड्यांचं काम देवाघरी गेलं. लास्तेनिया मेणबत्ती लावायला म्हणून गेली आणि वेदीसमोर गुडघे टेकून, हात जोडून, दिग्नाला मनातल्या मनात शिव्या देऊन आली.

पाचवी चादर पुरुषांनी मागून नेली. फाउस्तो इबार्राच्या बसवर ड्रायव्हर, ओल्मेदो बाकावर गेल्यापासून जाळ्यापाशी त्याच्या जागी तोच उभा राहायचा. त्याने हौसेने चादर, दांडे, चेंडू सगळं नेलं. संध्याकाळी आणून दिलं तेव्हा तोंडभर हसत होता.

"झकास खेळ आहे तुमचा, वेसिना! दोन तास खेळलो. घाम निघाला."

लास्तेनियाचा जीव सुपाएवढा झाला. "खरंच? काही अडलं का कुठे?"

"अडलं म्हणजे काही विशेष नाही. जाळं जरा खाली होतं, ते वर घेतलं."

"किती वर?"

"आपलं नेहमीएवढं. आणि दोघं-दोघं कमी पडतात हो, म्हणून तिघं-तिघं केलं. ती चादर मात्र हातात अडकते. ती काढून टाकली."

"मग राहिलं काय?"

फाउस्तोने प्रामाणिकपणे विचार केला. "चेंडू," तो म्हणाला. "पण तोही थोडा हलका होता. आम्ही आमचाच घेतला."

आत जाऊन तिने कात्री, टेप, खडू, एकेक वस्तू टेबलावर आपटली. या लोकांच्या हातात बुद्धिबळाचा पट दिला तरी मध्ये जाळं बांधून उंट-घोडे पलीकडे फेकतील! आणि वर सांगतील, छान खेळ आहे.

या सगळ्यात खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो बाकावर बसला होता.

"दोघी एकदम ओढत नाहीत," ओल्मेदो तिथूनच म्हणायचा. हळू म्हणायचा, पण तिला नेमकं ऐकू जायचं. "एक आधी, एक नंतर. चेंडू तिरकाच जाणार." किंवा, "जाळं पोटात लोंबतंय." किंवा नुसतंच, "हं!" आणि हे 'हं' सगळ्यात वाईट. एकदा घरी जाताना तो म्हणाला, "पाचपैकी पाच देणाऱ्या बायका पुढच्या रविवारी किती आल्या ते मोज. ते खरे गुण." तिने मोजलं. अकरावरून सात, सातवरून चार. तिला त्याचा असा संताप आला! स्वतः बाकाला डिंक लावून बसायचं आणि तिथून दुसऱ्याच्या कष्टांची सालं काढायची. पण त्याच वेळी तिला बरंही वाटलं, कारण दोन वर्षांत त्याने कशाबद्दल एवढं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि त्याचं म्हणणं दरवेळी बरोबर निघायचं, त्याचा राग वेगळाच.

त्याच्या टोमण्यांवरूनच सहावी चादर तयार झाली. कंबरपट्ट्यात घालतात ते रबराचे धागे तिने दुहेरी विणीत आडवे घातले, उभे घातले नाहीत. निलगिरीचे दांडे एका मापाचे कापले. चामड्याच्या चेंडूत चिंध्या इतक्याच भरल्या की तो उडेल, पण पळणार नाही. पहिल्यांदाच चेंडू अठरा वेळा इकडून तिकडे गेला आणि पडला नाही. येसेनिया ओरडली, दिग्ना स्कर्ट सावरत नाचली, आणि बाकावरून 'हं' आलं नाही. लास्तेनियाने चोरून तिकडे पाहिलं. ओल्मेदो पुढे वाकून बसला होता आणि त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती, पूर्वी ताटात दाणे मांडताना हलायची तशी.

तिला रडूच यायचं राहिलं. आता फक्त एक गोष्ट उरली होती. खांदा गेल्यापासून त्याच्या उजव्या मुठीत जोर नव्हता. कपसुद्धा तो दोन्ही हातांनी धरायचा. म्हणून सातव्या चादरीच्या एका दांड्याला उजव्या बाजूला तिने चामडं गुंडाळून जाड मूठ केली. माप कुठून घ्यायचं? त्याचे मोटारसायकलचे जुने हातमोजे ट्रंकेत होते. तिने ते गुपचूप काढले, आतून बोटं घालून पाहिली आणि अंदाजाने मूठ बांधली. येसेनियाने ती धरून पाहिली तेव्हा तिची बोटं अर्ध्यावरच राहिली.

"कशी आहे?" लास्तेनियाने विचारलं.

"छान आहे," येसेनिया म्हणाली. "जरा गुबगुबीत आहे, एवढंच."

त्या रविवारी दिग्ना आलीच नाही. नातवाला ताप होता. चर्चची घंटा होऊन गेली होती. पुरुषांचा सामना दुपारी होता, तोवर मैदान मोकळं. येसेनिया आणि तिची मावसबहीण एका बाजूला उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला एकटी लास्तेनिया, हातात नवी चादर, आणि दुसरा दांडा जमिनीवर. फ्रितादावालीला बोलावलं तर ती कढई सोडून यायला तयार नव्हती. शेवटी फाउस्तोने दांडा धरला. पण त्याच्या अंगात इक्वाव्हॉली इतकी मुरलेली की चेंडू आला की तो दांडा टाकायचा आणि हात वर करायचा. एकदा नाही, चारदा.

"त्याला सांग दोन्ही हात बांधून घे म्हणावं," बाकावरून आवाज आला. "आणि तू पाय कुठे रोवलेस? असं उभं राहिल्यावर चादर ताठ होणार कशी? चादर चांगली आहे, माणसं वाया आहेत."

तीन महिने तिने हा क्षण मनात घोळवला होता. सहज म्हणायचं, हसत म्हणायचं, त्याला कळणारही नाही असं म्हणायचं. प्रत्यक्षात ती अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली.

"बाकावरून शहाणपणा शिकवू नकोस! एवढं कळतंय तर ये आणि धर!"

फाउस्तोने हळूच दांडा खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. ओल्मेदोला असं कुणी बोलत नसे. त्याच्यासमोर खांद्याचा विषय निघाला तर लोक हवेबद्दल बोलू लागायचे. तो उठला. मैदानात आला. वाकून दांडा उचलला आणि उजवी मूठ चामड्यावर ठेवली. मग थांबला, मुठीकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"टाका," तो पलीकडच्या दोघींना म्हणाला.

येसेनियाकडून चेंडू आला. ओल्मेदो एक पाऊल डावीकडे सरकला आणि चादर नेमकी चेंडूखाली आली. "आता!" तो म्हणाला. दोघांनी ओढलं. चेंडू वर गेला, जाळ्यावरून उतरला आणि त्या दोघी जिथे नव्हत्या तिथे जाऊन पडला. फेकला नव्हता, ठेवला होता. फाउस्तोने शिट्टी मारली. "मायेस्त्रो!" कुणीतरी ओरडलं. लास्तेनियाला हसू आवरेना. दुसरा चेंडू आला. पुन्हा तसंच, पुन्हा कोपरा. तिसऱ्या चेंडूला चादर ताठ झाली तेव्हा तिला त्याच्या बाजूने ओढ कमी लागली. चौथ्याला जवळजवळ नव्हतीच. तिने मान वळवून पाहिलं. तो पांढराफटक पडला होता आणि कपाळावर घाम होता.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे," ओल्मेदो म्हणाला. दांडा त्याने नीट जमिनीवर ठेवला, येसेनियाला मान लववून दाद दिली आणि मैदानाबाहेर चालू लागला. बाकाकडे नाही, घराकडे.

छान आहे! आजवर ज्याने एकदाही छान म्हटलं नव्हतं, त्याने म्हटलं! लास्तेनियाने चादर खांद्यावर टाकली आणि त्याच्या मागे निघाली. भर गल्लीत ती बोलत होती. इतके कष्ट, सात-सात नमुने, गावभरच्या बायकांची मनधरणी, आणि चार चेंडू खेळून चालला! दारात उभ्या असलेल्या शेजारणींनी सभ्यपणे आपापल्या कुंड्यांकडे पाहिलं. ओल्मेदो एकदाही मागे वळला नाही.

घरात तो पलंगाच्या कडेला बसला, उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून.

"ती मूठ कुणासाठी केलीस?" त्याने विचारलं.

"बायकांसाठी."

"येसेनियाची बोटं तिला वेढा घालणार नाहीत. दिग्नाचीही घालणार नाहीत. माझी बरोबर बसली. कुणासाठी केलीस?"

"तुझ्यासाठी!" ती ओरडली. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? "मूठ तुझ्यासाठी, चादर तुझ्यासाठी, जाळं खाली ते तुझ्यासाठी! त्या मेल्या बाकावरून तू उठावंस म्हणून! हात वर करायला लागू नये म्हणून तीन महिने डोकं फोडलं मी, आणि तू..."

ती थांबली. आता तो चिडणार, मला पांगळा समजतेस का म्हणणार, याची तिने वाट पाहिली. तो चिडला नाही. त्यापेक्षा वाईट झालं, त्याला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

"हात वर जात नाही, तो जातच नाही," तो म्हणाला. "भिंत लागावी तसा थांबतो. त्याने दुखत नाही, लास्ते. दुखतं ते हिसक्याने. कुणी हात पुढे ओढला की. एखादं शटर अडकलं आणि ओढावं लागलं की. बाजारातून येताना तू बटाट्याची पिशवी माझ्या हातात देतेस, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

लास्तेनियाने खांद्यावरची चादर खाली घेतली. झेल, ओढ, हिसका. झेल, ओढ, हिसका. सगळा खेळ म्हणजे दुसरं काही नव्हतंच. सात चादरींत तिने कापड बदललं, रबर बदललं, दांडे बदलले, आणि दरवेळी हिसका जास्त चांगला बसेल हेच पाहिलं होतं. सातवी चादर सगळ्यात चांगली होती, म्हणून सगळ्यात जास्त दुखलं.

"मग आधी सांगितलं का नाहीस? दोन वर्षं!"

"तू विचारलंस का?"

"मी... तुला वाईट वाटेल म्हणून..."

"अकरा बायकांना विचारलंस," ओल्मेदो म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज चढला. "फ्रितादावालीला विचारलंस. त्या फाउस्तोने चादरच काढून टाकली, त्यालाही कागद दिलास. मी तिथे चार हातांवर बसलो होतो. मला नाही दिलास! कारखान्यात बाईच्या परकराला तू माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाहीस, आणि माझ्या वेळेला हातमोज्याचं माप घेतलंस?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. गावाच्या सभ्यपणावर ती तीन महिने दात-ओठ खात होती, आणि घरात स्वतः तेच करत होती. त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला चमचा ठेवायचा, विषय टाळायचा, आणि याला जपणं म्हणायचं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदम.

"शर्ट काढ," ती म्हणाली.

"काय?"

"काढ म्हणते ना. बघू दे मला."

तो डाव्या हाताने एकेक बटण काढू लागला. ती मदतीला पुढे झाली नाही, नुसती उभी राहिली. दोन वर्षं तो न्हाणीघराचं दार लावून कपडे बदलायचा. त्याला राग आहे असं समजून तिने कधी ते दार वाजवलं नव्हतं. आता शर्ट खाली आला आणि तिला तो खांदा दिसला. मांस उतरून गेलं होतं. हाडाच्या मागे इतका खोल खळगा पडला होता की त्यात तिचा अंगठा मावला असता. हा खांदा आपल्या नवऱ्याचा आहे हे तिला कुणी दुसरीकडे सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने हाडावर बोट ठेवलं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"थोडं."

तिने बोट पुढे, छातीकडे सरकवलं आणि हलकं दाबलं. त्याचा श्वास अडकला.

"दुखतं," ओल्मेदो म्हणाला. "फार दुखतं गं, लास्ते. सकाळी उठल्यापासून दुखतं."

तिने बोट काढलं आणि त्या जागी सगळा तळवा ठेवला. "अजून केव्हा दुखतं?" तिने विचारलं. तो सांगू लागला. मोजे घालताना, कुशीवर वळताना, टाळ्या वाजवताना. खिडकीखालून फाउस्तोची हाक आली, मायेस्त्रो, सामना सुरू करायचाय, गुण कोण मोजणार? लास्तेनियाने जागेवरूनच ओरडून सांगितलं, तुमचे तुम्ही मोजा. ओल्मेदो थांबला नव्हता. जिना उतरताना कठडा धरला की काय होतं, ते तो तिला सांगत होता.